निळूने होडी तपासली

ज्यांनी होडीला बाहेरून रंगाचे दोन हात दिले आणि तिच्या तळाखाली एकदाही डोकावून पाहिलं नाही, त्यांनी तिच्यात आधी स्वतःची मुलं बसवायला हवी होती. नावं घेत बसण्यात अर्थ नाही. ज्यांना बोचायला हवं, त्यांना बोचत नाही.

तर अशाच शहाण्यांनी गच्च भरलेल्या एका खाडीकाठच्या गावात एकच भोळा माणूस होता. त्याचं नाव निळू.

गाव खाडीच्या अल्याड, शाळा पल्याड. मधला पूल कधीच मंजूर झाला होता, फक्त कागदावरून पाण्यावर यायचा राहिला होता. तोवर मुलं फायबरच्या एका जुन्या होडीतून जात. फायबरची होडी वरून कधी म्हातारी दिसत नाही. तिचा सगळा जीव असतो तळाच्या फळीखाली, फायबरच्या आवरणात गुंडाळलेल्या लाकडी वाशांत. आत पाणी मुरलं की ते वासे गुपचूप कुजतात आणि वरचं कवच चकचकीतच राहतं.

शाळा उघडायच्या आधी वासे तपासायचे होते. त्यासाठी सरपंच दिगंबररावांनी एक समिती नेमली. समितीतल्या प्रत्येकाची पँट पांढरी होती. त्यामुळे होडीत गुडघे टेकायला निळूला पाठवायचं ठरलं.

घरातून निघताना काकीने त्याचा दंड धरला. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं.

"निळू, माझी वैजू त्याच होडीत बसते. नीट बघ हो."

"बघतो की," निळू म्हणाला. आणि त्याला खरंच बघायचं होतं. वैजूवर त्याचा फार जीव.

होडी काठावर ओढून ठेवलेली होती. शेजारी दगडावर वासू मिस्त्री बसला होता. होड्या दुरुस्त करता करता त्याचे केस पांढरे झाले होते आणि गुडघे कामातून गेले होते.

"हे बघ," मिस्त्री म्हणाला, "हातोडीच्या दांड्याने तळ ठोकत जायचं. टणटण वाजलं तर चांगलं. बदबद वाजलं तर नासकं. उद्या सकाळी लाग कामाला."

निळू घोकत घोकत घरी आला. "टणटण ते चांगलं, बदबद ते नासकं."

काकी म्हणाली, "परसातला एक फणस काढून आण. चांगला बघून आण."

निळूने हातोडी घेतली. एकेक फणस ठोकला. बदबद वाजणारे ओढ्यात टाकून दिले. टणटण वाजणारा डोक्यावर घेऊन आला. काकीने कोयता घातला, तर आत नुसता चीक. कोयता चिकटला, हात चिकटले, पदर चिकटला.

"मेल्या! हा तर कच्चा दगड! अरे, बद वाजतो तो चांगला. दाबला की मऊ लागतो, वास सुटतो, तो चांगला!"

"असं होय," निळू म्हणाला. आणि घोकत झोपला. "बद ते चांगलं, मऊ ते चांगलं, वास सुटला ते चांगलं."

सकाळी तो होडीत उतरला. तळ ठोकला. बद! पायाने दाबला. मऊ! नाक लावलं. काय वास सुटला होता! निळूचा चेहरा उजळला. वैजूची काळजी मिटली.

तेवढ्यात सरपंच आले. नाकाला रुमाल होता.

"काय रे निळ्या, कशी आहे होडी?"

"एकदम चांगली, सरपंच! तयार झालीय!"

सरपंचांनी पुढचं ऐकलं नाही. ऐकायला आले होते तेवढं ऐकून झालं होतं. दुपारी रंगाचे डबे आले.

संध्याकाळी मिस्त्रीने निळूला गाठलं. "चांगली? कशावरून?"

"मऊ लागली, बद वाजली, घमघमाट सुटलाय."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी थेट सरपंचांच्या ओट्यावर गेला.

"सरपंच, वासे कुजलेत. मुलांना बसवू नका."

"तपासणी झालीय, मिस्त्री. चांगली आहे म्हणून सांगितलंय."

"कोणी? निळूने?"

"मग? सगळ्या समितीत होडीत उतरलेला तो एकटाच माणूस आहे."

मिस्त्री परत आला. त्याने निळूच्या हातात एक दाभण ठेवलं. "हे टोचायचं. सहज आत गेलं तर समज, नासकं. सकाळी लवकर जा, मी तालुक्याला तक्रार द्यायला जातो."

निळू घोकत निघाला. "सहज आत गेलं तर नासकं."

वाटेत काकी भेटली. "वैजूची उद्या शाळा उघडतेय. दुकानातून थोडी अंडी आण. नासकी आणू नकोस."

दुकानात निळूने एक अंडं उचललं आणि दाभण टोचलं. सहज आत गेलं. दुसरं टोचलं. तेही सहज. टोचता टोचता ट्रे संपला.

"सगळी नासकी ठेवतोस काय रे?" असं दुकानदारालाच वर विचारून तो रिकाम्या हाताने घरी आला. मागोमाग शिव्या देत दुकानदार आला.

काकीने डोकं धरलं. "अंडं कधी कोणी टोचून बघतं का रे? पाण्यात सोडायचं! बुडेल ते चांगलं, तरंगेल ते नासकं. समजलं?"

"समजलं," निळू म्हणाला. "बुडेल ते चांगलं, तरंगेल ते नासकं."

सकाळी निळू धक्क्यावर पोचला. होडीला झेंडूच्या माळा होत्या. रंग असा चमकत होता की त्यात तोंड दिसावं. मुलं रांगेत उभी होती. सगळ्यांच्या पुढे वैजू, नवं दप्तर पोटाशी धरून. निळूने होडीकडे पाहिलं.

होडी तरंगत होती.

"सरपंच!" तो ओरडत धावला. "नासकी आहे! होडी नासकी आहे! तरंगतेय!"

सगळा धक्का हसला. समिती हसली. कोळंबीची पाटी घेऊन बाजाराला निघालेली गुलाबमावशीही थांबून हसली.

"अरे वेड्या," सरपंच म्हणाले, "होडी तरंगणार नाही तर काय बुडणार?"

"चांगली असेल तर बुडेल! बुडेल ते चांगलं, तरंगेल ते नासकं!"

"बाजूला हो. पहिली फेरी समितीची. मग मुलं."

सरपंच होडीत चढले. फोटोसाठी त्यांनी अंगात नारिंगी जाकीट घातलं होतं, पाण्यात पडलं तरी बुडू न देणारं. गावात ते एकच होतं. मुलांची जाकिटं योजनेतून यायची होती. पाठोपाठ समिती चढली. इंजिन फटफटलं आणि होडी हळूहळू धक्क्यावरून निघाली.

निळूने वैजूकडे पाहिलं. ही फेरी परत आली की ती बसणार. नासक्या होडीत! होडी चांगली करायची तर आत्ताच करायला हवी होती.

त्याने पाण्यात उडी मारली आणि होडी गाठली. मागच्या बाजूला, खाली, आतलं पाणी काढायचं रबराचं बूच होतं. निळूने ते दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं.

आधी कोणाला काही कळलं नाही. मग पांढऱ्या पँटी ओल्या झाल्या. समिती एकदम उठली, एकदम एका बाजूला धावली. कडाडकन तळ फुटला आणि सरपंचांचा पाय मांडीपर्यंत आत गेला. ओढून काढला, तर पायाबरोबर काळा, भिजलेला, हातात कुसकरेल असा लाकडाचा चोथा वर आला. तो सगळ्या गावाने पाहिला. मग इंजिनाच्या वजनाने होडी मागून खाली बसली आणि झेंडूच्या माळांसकट गेली.

समिती हातपाय मारत पायऱ्यांना लागली. निळू निथळत धक्क्यावर चढला. वैजू कोरडी होती. त्याने तिला उचलून घेतलं.

"बुडाली! वैजू, बुडाली! एक नंबर होडी आहे! आता बस तू बिनधास्त!"

गुलाबमावशीने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. कपाळाला हात लावून तिने खाडीच्या मध्यावर पाहिलं. तिथे काहीतरी नारिंगी वरखाली होत होतं.

"होडीचं कळलं रे निळू," ती म्हणाली. "पण सरपंच तरंगतायत!"