टपालाने वाट सोडली

ही गोष्ट लहानांना सांगायची नाही, असं आईने मला बजावलं आहे. नियम मोडणाऱ्याची गोष्ट आहे ना! तरी सांगते.

फार उत्तरेला, जिथे हिवाळ्यात सूर्य जेमतेम डोकावून परत जातो, तिथे एक टपालवाला राहत होता. त्याची घसरगाडी आठ कुत्री ओढत. बर्फावरची वाट एका गाडीपुरतीच, दोन्ही बाजूंना कमरेएवढा भुसभुशीत बर्फ. म्हणून तिथे नियमच होता, टपालाची घंटा वाजली की समोरच्याने बाजूला व्हायचं. टपालवाल्याला याचा भारी तोरा. वाटेत तो कुणाशी बोलायलासुद्धा थांबत नसे.

एके दिवशी त्याच्या पिशवीत औषधाची बाटली होती. नदीपलीकडच्या गावात सुताराचं बाळ तापाने फणफणलं होतं. टपालवाला भरधाव निघाला होता, तेवढ्यात समोरून एक म्हातारी आली. गाडीत लाकडांचा ढीग, आणि ओढायला दोनच थकलेली कुत्री.

घंटा ऐकून तिने मुकाट्याने गाडी वळवली. पुढचं कुत्रं छातीपर्यंत रुतलं.

टपालवाल्याची वाट मोकळी होत होती. तिकडे बाळ तापात होतं. पण ही दोन कुत्री एवढं ओझं घेऊन वर कशी येणार?

"थांबा आजी!" तो ओरडला. "माझी आठ आहेत, ती निघतील बाहेर. मीच सरकतो."

"अगं बाई! टपाल वाट सोडणार? शुद्धीवर आहेस ना, बाबा?"

"आहे की! अख्खं जंगल घरी निघालंय, त्याला अडवणारा मी कोण?"

म्हातारी खळखळून हसली. दोघांनी मिळून तिचं कुत्रं बाहेर ओढलं. मग त्याने आपली गाडी खोल बर्फात घातली आणि तिची गाडी शेजारून पुढे आली.

"कुठे निघालास?" तिने विचारलं.

"नदीपलीकडे. औषध पोचवायचंय."

म्हातारीचं हसू मावळलं. "नदीवरून जाऊ नकोस रे. सकाळपासून बर्फ कुरकुरतोय. मी डोंगराच्या कडेने आले, तू तसाच जा."

तो डोंगराकडे वळला. वाट लांबची होती. उंचावरून त्याने खाली पाहिलं, तर नदीच्या मधोमध बर्फ दुभंगला होता आणि काळं पाणी वाहत होतं. त्याने पुढच्या कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवला.

औषध पोचायला उशीर झाला, पण पोचलं. सुताराच्या बायकोने उंबऱ्यातच बाटली हातात घेतली. दुसऱ्या दिवशी बाळाचा ताप उतरला.

तात्पर्य: हक्काची वाटसुद्धा कधी आपणहून सोडावी. समोरून येणाऱ्याला आपली पुढची वाट ठाऊक असते, आणि जो थांबतच नाही, त्याला... आले गं आई, आले!