इनामदारांचा मुका तंबोरा

मिरजेच्या झुलेखाबीनं तंबोरा पुरा केला होता. गाणाऱ्या भागीरथीबाईंना समोर बसवून, त्यांच्याच आवाजाशी जुळवत तिनं त्याच्या तारांना घुमारा देणारी जवारी काढली होती. संध्याकाळी बाईंची बैठक होती आणि हाच तंबोरा हवा होता.

तेवढ्यात चार खुशमस्कऱ्यांसह इनामदार दुकानात शिरले.

"हा घेतला आम्ही. दिवाणखान्यात शोभेल. बांधा!"

"सरकार, हा बाईंचा आहे. दुसरे वाजवून दाखवते, ऐकून निवडा."

"ऐकायचं काय त्यात? वाद्य नुसतं बघितलं, की आम्हाला त्याचा सूर ऐकू येतो!"

"येतोच!" चौघे म्हणाले.

इनामदारांना नाही कोण म्हणणार? मग झुलेखाबीनं भिंतीवरचा एका तंबोऱ्याचा फोटो उतरवला, पदरानं पुसला आणि अदबीनं पुढे केला.

"मग सरकार, हाच न्या. बघितलं की झालं. तार तुटायची भीती नाही."

आता ऐकू येत नाही असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? इनामदार फोटो बगलेत मारून निघाले.

संध्याकाळी बाईंच्या बैठकीत तंबोरा घुमला. तिकडे दिवाणखान्यात फोटोसमोर बसून चौघे माना डोलवत होते. एक जण खोकला, तसा दुसरा डाफरला, "गप रे, सूर ऐकू येईना!"