पाचव्या किल्लीची वेस

पोलंडमधल्या स्तारोब्झेग या जुन्या शहरात नदीकडून चढून वर आले की एक दगडी वेस लागते. भक्कम कमान आहे, दोन्ही अंगांना मनगटाएवढ्या जाड लोखंडी बिजागऱ्या आहेत, पण दार नाही. डाव्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा एक पांढरट, ओलसर डाग आहे. तो कधी सुकत नाही म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा जुलैचे कडक ऊन होते, तरी भिंत ओली होती. आमच्या सहलीतल्या कालिंदीताईंनी डागाला बोट लावले आणि ते जिभेवर टेकवले.

"खारट आहे हो, सर," त्या मला म्हणाल्या.

माझ्या हातात शहराचे माहितीपत्रक होते. त्यात लिहिले होते की ही वेस पाहुणचाराची खूण आहे. आल्यागेल्याला कोणी अडवू नये म्हणून पूर्वजांनी तिला दारच ठेवले नाही. मी ते मोठ्याने वाचून दाखवले. आम्हाला शहर दाखवणाऱ्या हालिनाबाई सत्तरीच्या पुढच्या. सकाळपासून चर्च, बाजारचौक, राजवाडा असे सगळे त्यांनी शांत आवाजात दाखवले होते. त्या जागीच थांबल्या.

"पाहुणचार!" त्या म्हणाल्या. "हे ज्यानं लिहिलं ना, त्याला पुराच्या दिवशी इथं बाहेर उभं करा."

मग कमानीखाली उभ्या राहून त्यांनी जे सांगितले, ते ऐकले तसे लिहितो. नावांचे उच्चार माझ्याकडून चुकले असतील. गोष्टीचा रोख चुकला नसावा, अशी आशा आहे.

फार पूर्वी या वेशीला ओकच्या लाकडाचे दार होते. शहराचा कारभार पाच पंच पाहत. सगळे व्यापारी, आणि कोणाचा कोणावर विश्वास नाही. आपल्यातला एखादा शत्रूला फितूर होऊन दार उघडील, ही प्रत्येकाला धास्ती. म्हणून त्यांनी दाराला पाच कुलुपे करवून घेतली आणि एकेक किल्ली एकेकाने आपल्या घरी ठेवली. पाचही किल्ल्या जमल्याशिवाय लावलेले दार उघडायचे नाही. कुलुपे गावच्या लोहाराने केली होती. पुढे तो वारला. त्याची बायको बोग्ना आणि मुलगी मार्ता मागे राहिल्या.

वेशीखाली नदीकाठी गवताचा पट्टा होता. गरीब घरच्या बायका तिथे कापड धुऊन पांढरे होईपर्यंत उन्हात पसरत. पंचांच्या मेजांवरच्या चादरी आणि अंगातले सदरे तिथेच उजळत. मार्ताही त्या कामाला जाई.

एका वर्षी हिवाळा सरताना नदीवरचे बर्फ एकाएकी फुटले. पाणी येत असल्याची वर्दी मिळताच पंचांनी भरदिवसा वेस लावून घेतली आणि किल्ल्या घेऊन आपापल्या घरी गेले. बाहेर कोण राहिले आहे, हे एकानेही पाहिले नाही.

बायका धावत वर आल्या तो दार बंद. त्यांनी हातांनी, कपडे बडवायच्या लाकडांनी दार ठोठावायला सुरुवात केली. तो आवाज बाजारापर्यंत येत होता, असे सांगतात. पाणी अजून उंबऱ्याच्या बरेच खाली होते.

"वेळ होता," हालिनाबाई म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "वेळ होता."

वेशीच्या आत असलेली बोग्ना किल्ल्यांसाठी पंचांच्या घरी धावत सुटली. एका पंचाने लगेच किल्ली दिली, एकाने कुरकुरत दिली, दोघांच्या बायकांनी नवऱ्यांना न विचारता आणून हातात ठेवली. पाचवा गेर्लाख, मिठाचा व्यापारी. वेशीला लागूनच त्याचे तळघर होते आणि ते मिठाने भरलेले होते. त्याने दार उघडले नाही. वरच्या खिडकीतून म्हणाला, "वेस उघडली तर पाणी आधी माझ्या तळघरात शिरेल. धुणाऱ्या बायका दुसऱ्या मिळतील. एवढं मीठ मी कुठून आणू?"

"माझी मार्ता बाहेर आहे!"

"मग तिला सांग, पळ म्हणावं."

बोग्नाने चार कुलुपे काढली. पाचव्यावर ती नवऱ्याचाच घण घेऊन तुटून पडली. पण त्याने काम चोख केले होते. कुलूप फुटले नाही. तटावरून दोर सोडायला म्हणून माणसे दोर आणायला पळाली. ती परत येईपर्यंत बाहेरचे ठोठावणे थांबले होते.

इथे मला राहवले नाही. "याला काही कागदोपत्री आधार आहे का?" असे मी विचारले.

"सर, तुम्ही पण ना!" कालिंदीताई म्हणाल्या.

"लिहिणारे सगळे दाराच्या आत होते, प्रोफेसर," हालिनाबाई म्हणाल्या.

मी माहितीपत्रकाची घडी घालून ते खिशात ठेवले.

सकाळी पाणी उतरले तेव्हा गेर्लाखने आपण होऊन किल्ली पाठवली. तो स्वतः आधी तळघरात गेला. तिथे पुराचा एक थेंब शिरला नव्हता. पण मीठही नव्हते. पोत्यांच्या जागी काठोकाठ खारे पाणी होते आणि ते या भिंतीत चढत होते. तो ओरडत बाहेर आला. बाहेर बोग्ना मुलीपाशी बसली होती. ती उठली. ती रडली नाही म्हणे. तिने पाचही पंचांना वेशीबाहेर उभे केले आणि दिवस मावळेपर्यंत शिव्या घातल्या. तिचा आवाज बसला तेव्हा गावातल्या दुसऱ्या बाईने सुरुवात केली, मग तिसरीने. शेवटी बोग्ना म्हणाली, "या वेशीचं दार पुन्हा लावाल, तर एकाच्याही घरात मीठ राहणार नाही." दार लावायचे प्रयत्न पुढे झाले. दर वेळी गावभरच्या बरण्यांत मिठाचे पाणी झाले. मग दार जाळून टाकले.

आजही बर्फ फुटायच्या दिवसांत शहराच्या महापौराला या वेशीबाहेर उभे राहावे लागते आणि आतून बायका त्याला शिव्या देतात. "अरे ढेरपोट्या, नदीकाठचे दिवे कधी लावणार?" इथपासून सुरुवात होते आणि पुढचे हालिनाबाईंनी आम्हाला सांगितले नाही. त्याने उलटून बोलायचे नसते. अखेर बायका विचारतात, "बाहेर कोण राहिलंय?" तो नदीपर्यंत उतरतो, दोन्ही बाजूंना पाहतो, परत येतो आणि म्हणतो, "कोणी नाही."

त्याच्या शब्दावर आजही कोणी विसंबत नाही. बायकांमधली सर्वांत म्हातारी स्वतः खाली जाते, स्वतःच्या डोळ्यांनी नदीकाठ पाहून येते, आणि ती परत येईपर्यंत महापौर बाहेरच उभा असतो.