राजा म्हणाला, पुरे!

एका नगरात एक राजा होता. मनाने चांगला, पण नसत्या ठिकाणी नाक खुपसायची त्याला भारी हौस. त्याच नगरात निळोपंत नावाचे वैद्य राजाची रसशाळा सांभाळत. तिथे औषधं बनत, धातू शुद्ध होत, आणि फळीवर बाटल्यांमधून तेजाब ठेवलेलं असे. तेजाब म्हणजे असा जहाल द्रव, की थेंब पडला तरी कातडी जळते.

रसशाळेच्या दाराशी दगडाची एक मोठी डोणी होती. ती रोज सकाळी विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरल्याशिवाय निळोपंत आत भट्टी पेटवू देत नसत. ते पाणी कुणी प्यायचं नाही, त्यात पाय धुवायचे नाहीत. कुणाच्या अंगावर काही सांडलं तर त्याच्यासाठी ते राखलेलं असे.

एकदा राजाने रसशाळा बघायची ठरवली. प्रधानजी आधी येऊन पाहणी करू लागले. दारातली डोणी बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"महाराज येताहेत की म्हशी? हलवा ही."

"डोणी हलणार नाही," निळोपंत म्हणाले.

शेवटी प्रधानजींनी तिच्यावर एक भरजरी गालिचा टाकला आणि त्यावर समाधान मानलं.

राजा आला. हे काय, ते काय, असं करत बाटल्यांपाशी पोचला. निळोपंत "महाराज, हात नको" म्हणेपर्यंत त्याने एक बूच उपटलंसुद्धा. तेजाब उसळलं. अंगरख्याची बाही भिजली, आणि शिंतोडे थेट उजव्या डोळ्यात गेले. राजा किंचाळला.

"चुन्याची निवळी आणा!" प्रधानजी ओरडले. "आंबटावर चुना! काट्याने काटा काढा!"

"चुन्याने उरलासुरला डोळाही जाईल," म्हणत निळोपंतांनी गालिचा भिरकावला. राजाला डोणीपाशी ओढलं, पगडी उतरवली, अंगरख्याचे बंद तोडून तो काढून टाकला. मग बोटांनी पापणी उघडी धरली आणि तांब्यामागून तांब्या पाणी ओतू लागले.

सगळे पांढरेफटक पडले. धोतरासकट माणसाला आंघोळ कधी घालतात? घरात कुणी गेल्यावर.

"जिवंत राजाला सुतकाची आंघोळ!" प्रधानजी म्हणाले. "निळोपंत, मान जाईल तुमची."

थोड्या वेळाने डोळ्याची आग जरा निवली. राजा कुडकुडत म्हणाला, "पुरे!"

निळोपंत ओततच राहिले.

"पुरे म्हटलं ना! हा हुकूम आहे."

निळोपंतांचा हात थबकला. घरची माणसं डोळ्यांपुढे आली. भीती वाटली, खूप वाटली. आणि त्यांनी पुढचा तांब्या ओतला.

अंगणातलं ऊन उंबऱ्यापर्यंत सरकलं तेव्हा कुठे ते थांबले. राजाला कोरड्या पंच्यात गुंडाळून त्यांनी लगेच नेत्रवैद्यांकडे धाडलं. सोबत निरोप दिला, "डोळ्यात तेजाब गेलंय. पाण्याने धुतलंय, दुसरं काही घातलेलं नाही."

काही दिवसांनी पट्टी सुटली आणि निळोपंतांना दरबारात बोलावणं आलं. राजा त्यांच्याकडे रोखून बघत होता. दोन्ही डोळ्यांनी.

"माझा हुकूम तुम्ही मोडलात?"

"मोडला, महाराज."

"का?"

"तुम्ही पुरे म्हणालात. तेजाब अजून म्हणालं नव्हतं."

राजा आधी गालातल्या गालात हसला, मग खो खो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

पुढच्या खेपेला तो रसशाळेत आला तेव्हा दारात गालिचा नव्हता. आत जाण्याआधी तो डोणीपाशी वाकला. पाणी काठोकाठ आहे ना, हे त्याने स्वतः बघितलं, आणि मगच उंबरा ओलांडला.

तात्पर्य: अंगावर जहाल काही सांडलं तर आधी कपडे उतरवावेत आणि साधं पाणी भरपूर वेळ ओतावं, मग वैद्य गाठावा, जीव वाचवताना मानपान बघू नये, आणि कुणी पुरे म्हटलं म्हणून काम अर्धं सोडू नये.