इनामदारांचा अनुस्वार

चाळिशी लागली हे कबूल करायला मोठी माणसं एवढी का लाजतात, हा सिदू पाथरवटाचा जुनाच प्रश्न होता.

त्याचा थोरला भाऊ म्हादबा आठवड्यापूर्वीच वारला. नदीच्या नव्या घाटासाठी कोरलेला इनामदारांच्या नावाचा दगड हे त्याचं शेवटचं काम. घाटावर जमलेल्या लोकांसमोर खंडेराव इनामदार दगडाकडे डोळे किलकिले करून म्हणाले, "अनुस्वार खाल्लाय. खंडेरावाचा खडेराव केलाय त्यानं. फोडून टाका."

सिदूने दादाची चाळिशी पुढे केली.

"मी काय म्हातारा झालोय?"

सिदूचं डोकं सणकलं, तरी तो हात जोडून म्हणाला, "नाही सरकार. नुसतं बोट फिरवा. बोटाला चाळिशी लागत नाही."

इनामदारांचं बोट नेमकं अनुस्वाराच्या खळगीत अडकलं. सगळा घाट हसला, आणि शेवटी इनामदारही.

मग कुणालाही हात लावू न देता सिदूने दादाचा दगड एकट्याने घाटात बसवला.