आपलं मीठ आपल्यातच

एका खाऱ्या तळ्यात एक राज्य होतं. ते इतकं लहान होतं की काठावरून जाणाऱ्यांना दिसतही नसे, पण ही गोष्ट राजाला कुणी सांगितली नव्हती. राजा जातीचा रेडा, नाव प्रचंडसेन. तो राज्याच्या मधोमध बसून हुकूम काढी आणि हुकूम निघाला म्हणजे काम झालं असं समजे.

राज्याभोवतीचं कुंपण जिवंत होतं. दोन-दोन शेपट्यांच्या खारी दोन रांगांत उभ्या असत. एका रांगेची तोंडं बाहेरच्या पाण्याकडे, दुसरीची आतल्या पाण्याकडे, आणि शेपट्या मध्ये, कोरड्यात. यात देशभक्ती नव्हती. या खारींच्या तोंडाला पाणी लागे आणि शेपटीला ते सोसत नसे, म्हणून त्या आपोआप तशा उभ्या राहत. देशभक्तीचं त्यांना पुढे निवडणुकीत कळलं.

या कुंपणातून वारा हवा तसा ये-जा करी. अंगाला तेल चोपडलेले पाहुणेही शेपट्यांमधून अलगद आत सरकत. तेलकट मंडळींना कुठल्याच राज्यात दार शोधावं लागत नाही. पाण्यासाठी बारीक मोऱ्या होत्या. गुळाच्या ढेपेला मात्र हमाल लागे. तो आधी ढेप पारखी, मगच खांद्यावर घेऊन आत आणी. राहिलं मीठ. ते बाहेरून फटीफटींतून सारखं आत गळे, आणि खेकडे ते नांगीत धरून पुन्हा बाहेर फेकत. चढावर दगड ढकलण्यासारखं काम. त्याला पोटभर खाणं लागे, म्हणून कोठारातल्या धान्याचा मोठा वाटा खेकडेच खात.

राज्याचा दिवाण होता तरस. महाराजांचा विनोद संपायच्या आत तो हसायचा, म्हणून दिवाण झाला होता. निवडणूक जवळ आली आणि महाराजांनी काय केलं ते सांगायला काही सापडेना, तेव्हा तरसाची नजर खेकड्यांवर गेली. भरसभेत त्याने विचारलं, "बंधूंनो, तुमच्या कोठारातलं धान्य खाऊन तुमचंच मीठ परक्या पाण्यात फेकणारे हे लोक, खाल्ल्या मिठाला जागले का?"

मीठ मुळात बाहेरूनच येतं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. 'आपलं मीठ आपल्यातच' ही घोषणा लहान पोरांच्याही तोंडी झाली आणि प्रचंडसेन नावाप्रमाणे निवडून आले.

खेकड्यांचा मुकादम आडोबा याला दरबारात उभं केलं. मीठ का फेकतोस, असं महाराजांनी विचारलं.

"बाप फेकायचा म्हणून आमी फेकतो, महाराज. थांबलं की काय व्हतं ते ठावं न्हाई. कदी थांबलोच न्हाई."

यालाच मागासलेपणा म्हणतात, असं महाराज म्हणाले. खेकड्यांचं धान्य बंद झालं. वाचलेलं धान्य सुरक्षित राहावं म्हणून तरसाने ते आपल्या बिळात हलवलं.

मग मीठ साठू लागलं. चौकाचौकांत ढीग झाले, ढिगांना हार घातले गेले. आणि जिथे मीठ जास्त तिथे जायचं ही पाण्याची जुनी सवय, त्यामुळे मोऱ्यांतून पाणी आत येऊ लागलं. लोकांच्या घरात गुडघाभर पाणी झालं. घरोघरी पाणी देण्याचं वचन पाळलं गेल्याचं दरबाराने जाहीर केलं.

बाहेरच्या रांगेत हौसा नावाची खार होती. तिच्या शेजारी जन्मापासून बायजा. एका सकाळी हौसाच्या ध्यानात आलं की बायजाचा खांदा आपल्या खांद्याला लागत नाही. राज्य फुगत होतं आणि खारी तेवढ्याच होत्या. तिने हात लांबवून बायजाचा हात धरला. जिकडे तिकडे खारींनी असेच हात धरले होते.

हौसाने निरोप धाडला. तरस स्वतः आला, मोजायची दोरी घेऊन. त्याने कुंपणाचा घेर मोजला आणि तो हरखलाच. आजवरच्या कुठल्याही राजाच्या काळात राज्य एवढं वाढलं नव्हतं. त्याने खारींना जागच्या जागी 'कुंपणरत्न' दिलं, आणि यापुढे फटीला फट न म्हणता 'वाढीला वाव' म्हणावं असा हुकूम काढला.

"बक्षीस नको, दिवाणजी," हौसा म्हणाली. "मधे उभ्या करायला चार खारी द्या, न्हाईतर खेकड्यांना खायला घाला. माजा हात सुटला तर बायजा जाईल. बायजा गेली की समदं राज्य जाईल."

तरस नेहमीसारखा आधीच हसला. भरती बंद आहे, म्हणाला, आणि वाढत्या राज्यात असं रडगाणं शोभत नाही.

तो गेल्यावर हौसाने कुंपणाशी पडलेल्या आडोबाला हाक मारली. "दोन खडे तरी फेक की रं."

आडोबाने नांगी उचलून पाहिली. ती अर्ध्यातच खाली आली. "उपाशीपोटी उचलत न्हाई, बाय," तो म्हणाला. हौसाला रडू आलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

विजयाच्या वाढदिवशी महाराज मिठाच्या सर्वांत उंच ढिगावर चढले. खाली प्रजा गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून ऐकत होती. महाराज म्हणाले, आजपासून आपल्या राज्याला सीमा नाही. टाळ्या झाल्या, आणि महाराजांच्या कारकिर्दीत हे एकच वाक्य लगेच खरं झालं. कुंपण फाटलं. कोठार, गूळ, ढीग, प्रजा आणि महाराज सगळे तळ्यात विरघळून गेले.

हौसाने बायजाचा हात सोडला नव्हता. शेपट्या भिजल्या तशा त्या दोघी ओरडत आतल्या अंगाला वळल्या, आणखी खारी येऊन भिडल्या, शेपट्या शेपट्यांत दडवल्या, आणि जमेल तेवढं लहानसं कडं झालं. आत थोडं पाणी होतं. बाकी काही नव्हतं. फक्त एका बाजूला, धान्याने पोट तट्ट भरलेला तरस बसला होता.

त्याने सगळीकडे नजर फिरवली, घसा साफ केला आणि म्हणाला, "गेल्या राजवटीनं तुमच्यासाठी काहीच शिल्लक ठेवलेलं नाही."

मग त्याने स्वतःचं नाव सुचवलं आणि विरोध असेल त्याने हात वर करावा असं सांगितलं. हात सोडायला एकही खार तयार नव्हती. निवड बिनविरोध झाली.