झिपरोबाची खिंड

करवंदवाडीहून कोकणात उतरणारी जुनी पाऊलवाट डोंगरमाथ्यावरच्या एका अरुंद खिंडीतून जाते. दोन्ही अंगांना काळे कडे आणि मधोमध, वाट अडवून बसलेली बैलगाडीएवढी शिळा. तिला वळसा घालून एका वेळी एकच माणूस पलीकडे जाऊ शकतो. शिळेच्या वरच्या अंगाला, कुणी पाठ टेकून बसावं असा, लांबट खळगा आहे. त्या खळग्यात फण्या ठेवलेल्या असतात. लाकडी, शिंगाच्या, हल्ली प्लास्टिकच्यासुद्धा.

खिंड बघायला आलेल्या पाहुण्यांना वाडीतले बुधाजीबाबा वर घेऊन येतात. बाबांनी सत्तरी ओलांडली आहे, पण चढावर दम लागतो तो पाहुण्यांना. शिळेपाशी पोहोचलं की कुणीतरी विचारतंच, "बाबा, या फण्या इथं कोण विसरून गेलं?"

"विसरल्या नाय, दिल्यात," बाबा म्हणतात. "झिपरोबाला." मग ते पायताण काढून शिळेच्या सावलीत टेकतात आणि सांगू लागतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा या डोंगरावर आताच्या दुप्पट रान होतं आणि त्या रानात झिपरोबा राहायचा म्हणे. उंचीला दोन पुरुष, चालायचा माणसासारखा दोन पायांवर, अंगभर तपकिरी केस, अंबाडीच्या वाखासारखे लांब. कुणी म्हणायचं अस्वल आहे, कुणी म्हणायचं वेताळाच्या पालखीतला आहे. म्हातारी माणसं सांगायची, लंकेहून घरी परतताना रामाच्या सैन्यातला एक वानर वाट चुकला, त्याच्या वंशातला हा शेवटचा. त्याला नीट मात्र कुणीच पाहिलं नव्हतं. चिखलातली पावलं दिसायची, संध्याकाळच्या तोंडाला कड्यावरून एक लांब शीळ ऐकू यायची, आणि नागलीच्या शेतात कणसं ओरबाडलेली सापडायची. तेवढ्यावर लोक त्याला भ्यायचे. पोरींना एकटं रानात जाऊ देत नसत. तो बाया पळवतो, असं बोललं जायचं. कुणाची बाई पळवली, ते मात्र कुणाला सांगता येत नसे.

वाडीत ठमा नावाची सुईण होती. वयानं चाळिशीची, नवरा मधाचं पोळं काढताना कड्यावरून पडून गेलेला, पदरी मूल नाही. पण डोंगराच्या वरच्या सात वाड्यांमध्ये जन्मलेलं प्रत्येक पोर आधी ठमाच्या हातात यायचं. तिचा आवाज जरा खणखणीत होता. अडलेल्या बाईवर ती असं काही खेकसायची की बाई वेदना विसरून तिच्याकडे बघत राहायची, आणि तेवढ्यात मूल बाहेर यायचं.

एका कार्तिकात ठमा बाळंतकाढ्याच्या मुळ्या खणायला खिंडीच्या वरच्या रानात गेली होती. दुपारची वेळ. हिरड्याच्या झाडाखालून कण्हण्याचा आवाज आला. ठमा थबकली. असलं कण्हणं तिनं शेकडो वेळा ऐकलं होतं. तिला वाटलं, कुणी वाटसरू बाई अडली. करवीची झुडपं बाजूला सारत ती पुढे गेली आणि समोर झिपरोबा बसलेला.

तिचे पाय जागच्या जागी थिजले. त्यानं मान वर केली, तेव्हा तिला त्याचं तोंड दिसलं. डोक्यावरचे आणि मानेवरचे केस गुंतून त्यांचा एकच लोंबता गोळा झाला होता. त्यात धावड्याचा डिंक, त्यात गोखरू, त्यात अर्ध्या डोंगराची कुसळं. गोळ्यानं एक डोळा पुरता झाकला होता. कानामागं काटे रुतून जखम चिघळली होती, तिच्यावर माशा बसत होत्या. तो बोटांनी गोळा ओढायचा, कातडी ताणली जायची, आणि तो पुन्हा कण्हायचा.

पळावं असं ठमाला वाटलं, हे तीच पुढे सांगायची. पण आयुष्यभर कण्हणाऱ्या माणसाकडं धावत जायची सवय. पाय मागं वळेचनात.

"ओढू नको!" ती खेकसली. "ओढून का गुंता सुटतो? सोड ते केस. सोड म्हनते ना!"

झिपरोबानं केस सोडले. असं सांगतात की, त्या रानात त्याला आजवर कुणी रागावलंच नव्हतं.

ठमानं अंबाड्यातली शिसवी फणी काढली. कमरेच्या बुधल्यात खुरासणीचं तेल होतं, बाळंतिणीला चोळायला घेतलेलं. ते तिनं त्या गोळ्यावर ओतलं आणि टोकापासून एकेक बट सोडवायला घेतली. पहिल्या दिवशी नुसता डोळा मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तर तो त्याच झाडाखाली पाठ करून, मान खाली घालून बसलेला. तिला हसूच आलं. "शहाणा गं बाई माझा," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं कानामागची जखम धुतली आणि पाला वाटून लावला. झोंबलं तेव्हा त्यानं हात उगारला. तिनं त्या हातावर चापट मारली. चापट म्हणजे काय, म्हशीवर चिमणी बसावी तशी. पण हात खाली गेला. तिसऱ्या दिवशी फणी मुळापासून टोकापर्यंत सरळ फिरली, आणि झिपरोबा बसल्या बसल्या घोरायला लागला. गोखरू आणि कुसळांचा ढीग टोपलीभर झाला होता. चौथ्या दिवशी ठमा गेली तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं. पानांवर मधाचं अख्खं पोळं ठेवलेलं होतं.

ठमानं हे कुणाला सांगितलं नाही. पण तिच्या लुगड्याला लांब तपकिरी केस चिकटलेले होते. पाणवठ्यावर बायांनी ते पाहिले आणि दोन दिवसांत सगळी वाडी बोलू लागली.

वाडीचा कारभार देवजी पाटलाकडं होता. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता, आणि भित्रा माणूस लवकर कठोर होतो. त्यानं देवळापुढं चार माणसं बसवली आणि ठमाला उभं केलं.

"खरं सांग ठमे. त्या जनावराला शिवलीस?"

"शिवले. दुखत होतं त्याला."

"आन त्याच हातानं आमच्या लेकरांना धरनार?"

"धुवून धरीन की, पाटील. तुमच्या लेकीला, गोजराला धरलं तवा तरी मी येगळं काय केलतं?"

लोक खाली मान घालून हसले, त्यामुळं पाटील जास्तच चिडला. त्या दिवसापासून ठमाचा हात बाळंतिणीला लागायचा नाही, असं ठरलं. पुरुषांनी कोयते परजले. शेतं निघाली की करवीला आग लावून झिपरोबाला कड्यावरून खाली काढायचं, असंही ठरलं.

ठमा घरात बसून राहिली. वाडीत त्या आठवड्यात एक बाई बाळंत झाली. तिच्या ओरडण्याचा आवाज ठमाच्या घरापर्यंत येत होता आणि ठमा ओसरीवर बसून स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरत होती.

पाटलाची लेक गोजरा खाली कोकणात दिलेली. पहिलटकरीण, आठवा महिना. चार गडी तिला डोलीत घालून माहेरी वर आणत होते. त्या दिवशी सकाळीच अवकाळी पाऊस कोसळला. घसरत, सांभाळत गडी खिंडीपर्यंत आले आणि तिथं गोजराला कळा सुरू झाल्या. डोली पुढं नेणं शक्य नव्हतं. त्यांनी ती दोन कड्यांच्या मध्ये टेकवली आणि एक गडी धावत वाडीत आला.

पाटील सरळ ठमाच्या अंगणात आला. उंबऱ्यापाशी उभा राहून त्यानं खिंडीकडं बोट दाखवलं. ठमानं बुधला कमरेला बांधला, काढ्याची पुरचुंडी उचलली आणि त्याच्यासमोर दोन्ही हात धरले.

"हात त्येच हाईत, पाटील."

पाटलाचे डोळे भरून आले. "त्येच पायजेत," तो म्हणाला.

तासाभराची चढण ठमा अर्ध्या वेळात चढली म्हणे. मागं पाटील आणि कोयतेवाले पाच-सहा जण. गोजराची अवस्था कठीण होती, मूल आडवं आलं होतं. ठमा डोलीशेजारी बसली आणि कामाला लागली. एवढ्यात वरून माती सुटली. पावसानं भिजलेल्या उतारावरची एक भली मोठी शिळा हलली, घरंगळली आणि दोन कड्यांच्या मध्ये, नेमकी डोलीच्या डोक्यावर अडकली. माणसांनी धावत जाऊन तिला खांदे लावले. शिळा बोट बोट खाली सरकत होती. गोजराला उचलावं तर मूल जाणार, न उचलावं तर सगळीच जाणार. एका गड्याचे पाय घसरले, आणि शिळा हातभर खाली आली.

तेव्हा कड्यावरून शीळ ऐकू आली.

झिपरोबा मुळ्यांना धरत खाली उतरला. कोयतेवाले घाबरून मागं हटले, मग एकानं कोयता उगारला. झिपरोबानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. शिळेखाली शिरून त्यानं तिला पाठ लावली, पाय समोरच्या कड्याला रोवले, आणि शिळा थांबली.

"मारू का?" कोयतेवाला ओरडला.

ठमानं मान वर केली नाही. तिचे हात गुंतलेले होते. "त्येला हात लावशील तर तुझ्या पाटलाची लेक जाईल," ती म्हणाली. "कोयता ठेव आन पानी आन."

पाटलानं स्वतः त्या माणसाच्या हातातला कोयता काढून घेतला.

मग किती वेळ गेला, कुणी मोजला नाही. ठमानं आतल्या आत मूल फिरवलं. गोजरा कण्हत होती, आणि तिच्या डोक्यावर झिपरोबा कण्हत होता. दोघांचा सूर एकच. "धीर धर," ठमा म्हणत होती, "अजून जरा. शहाणा गं बाई माझा. अजून जरा." ती कुणाला म्हणते आहे, ते तिथं उभ्या असलेल्यांपैकी कुणालाच कळत नव्हतं. गोजरानं नंतर सांगितलं की वरून तिच्या कपाळावर घाम टपकत होता, आणि तिला भीती वाटली नाही.

मूल रडलं. मुलगी झाली होती. झिपरोबानं मान वाकडी करून खाली पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

आधी गोजराला नेलं, मग लेकीला. ठमा सर्वांत शेवटी निघाली. खिंडीच्या तोंडाशी येऊन ती मागं वळली आणि म्हणाली, "सोड आता. लेकरा, सोड."

त्यानं अंग काढून घेतलं. शिळा उलटी होऊन कोसळली, सगळ्या खिंडीत चिखल उसळला, पलीकडचं काही दिसेना. ठमा तोंडावर पदर घेऊन उभी होती. आणि मग वर, हिरड्याच्या रानातून, शीळ आली. पाटलानं डोक्यावरचं मुंडासं काढून शिळेसमोर ठेवलं.

करवीला आग लावायचा बेत तिथंच मोडला. ठमा पुढं तीस वर्षं सुईणपण करत राहिली. दर कार्तिकात तेल आणि फणी घेऊन ती चार दिवस वर जायची, आणि पाणवठ्यावर कुणी तिच्या लुगड्याकडं बघत नसे.

म्हातारपणी तिचे गुडघे गेले. कार्तिक लागला तशी ती बेचैन झाली. खिंडीत जन्मलेली मुलगी, तिचं नाव फुलाई, तेव्हा दोन लेकरांची आई होती. ती म्हणाली, "आजी, मी जाते." ती गेली, पण हिरड्याखाली कुणी नव्हतं. तिनं हाका मारल्या, वाट पाहिली, आणि शेवटी फणी शिळेच्या खळग्यात ठेवून परत आली. चार दिवसांनी पुन्हा जाऊन पाहिलं, तर फणी तिथंच होती. पण तिच्या दात्यांत लांब केस अडकले होते.

फुलाईनं फणी आणून म्हातारीच्या हातात दिली. ठमाला तेव्हा दिसत नव्हतं. तिनं केस बोटांत घेतले, चाचपले. त्यात गाठ नव्हती, कुसळ नव्हतं. ती कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

"शिकला गं मेला," ती म्हणाली. "आपलं आपन विंचरायला शिकला."

त्याच पौषात ठमा गेली असं सांगतात.

एवढं झालं की बुधाजीबाबा पायताण घालतात. कुणी विचारलं, बाबा, तुम्ही पाहिलाय का त्याला, तर ते म्हणतात, "म्या नाय. पन माझ्या आज्याच्या आज्याची आय म्हंजी फुलाई."

आता खालून डांबरी रस्ता झाला आहे. बाळंतपणाला दवाखान्याची गाडी येते. तरी आजही करवंदवाडीत कुणाच्या लेकीला दिवस गेले की तिची आई एकदा खिंडीत चढून येते. फणी नवी चालत नाही. घरात वर्षानुवर्षं वापरून दाते गुळगुळीत झालेली लागते. ठेवण्याआधी ती बाई आपल्या तळहातावरून फणी एकदा सावकाश फिरवून बघते, कुठं टोचत तर नाही ना.